पत्त्यांवर पोट भरतं का? व्यावसायिक कार्ड खेळाडूची कारकीर्द

आजचा विषय पत्त्यांचा आहे, पण मेंढीकोट, बदाम सात किंवा रमीचा नाही. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल, तर पोकेमॉनचे चकचकीत पत्ते तुम्ही पाहिले असतील. पाकीट फोडायचं, आत काय निघालं ते बघायचं, नको असलेला पत्ता मित्राला देऊन हवा तो घ्यायचा. अशा खेळांना ट्रेडिंग कार्ड गेम म्हणतात. जगात काही माणसं हे खेळ पोटापाण्यासाठी खेळतात. ती कमावतात कशी, ही कारकीर्द टिकते किती, आणि उद्या घरातलं कुणी म्हणालं की मलाही हेच करायचंय, तर त्याला काय सांगायचं? आज तेच समजून घेऊ.

आधी खेळ समजून घ्या. या प्रकाराची सुरुवात १९९३ मध्ये 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळानं झाली. तो तयार केला रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञानं आणि बाजारात आणला विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं. आपल्या नेहमीच्या कॅटमध्ये ५२ पत्ते असतात आणि ते सगळ्यांसाठी सारखेच असतात. इथे प्रत्येक जण आपला कॅट घरून बांधून आणतो. हजारो वेगवेगळ्या पत्त्यांतून किमान ६० निवडायचे आणि ते समोरच्याच्या ६० पत्त्यांशी भिडवायचे. म्हणजे अर्धा डाव टेबलावर बसण्याआधीच खेळून झालेला असतो. त्यात वर्षातून अनेकदा नवे पत्ते येतात, त्यामुळे मागच्या वर्षीचा जिंकणारा कॅट यंदा निरुपयोगी ठरू शकतो. १९९६ मध्ये न्यू यॉर्कला पहिली 'प्रो टूर' भरली, रोख बक्षिसं आली आणि 'व्यावसायिक खेळाडू' हा शब्द रूढ झाला.

आता नेहमीची शंका. पत्ते म्हणजे नशीब, मग त्यात व्यावसायिक कसला? नशीब आहेच, आणि ते मोजता येतं. मॅजिकमध्ये काही पत्ते 'जमिनी'चे असतात. ते हातात आले तरच बाकीचे पत्ते खेळता येतात. समजा, ६० पैकी २४ पत्ते जमिनीचे ठेवले. पहिल्या सात पत्त्यांत एकही जमीन नाही किंवा फक्त एकच आहे, असं साधारण सात वेळांतून एकदा होतं. हात बदलून घेता येतो, पण त्याची किंमत म्हणून एक पत्ता कमी मिळतो. म्हणून जगातले उत्तम खेळाडूसुद्धा मोठ्या स्पर्धांमध्ये दीर्घकाळात शंभरातले साठ-पासष्ट सामनेच जिंकतात.

याचा अर्थ काय होतो, ते बघा. एखादा खेळाडू शेवटच्या आठांत पोहोचला. प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ६० टक्के धरू. उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे तीन सामने ओळीनं जिंकायचे, तर शक्यता उरते २२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे इतका चांगला खेळाडूसुद्धा इथवर येऊन पाचांतून चार वेळा विजेतेपदाशिवाय परततो. त्यामुळे या धंद्यात कौशल्य मोजायचं ते एका स्पर्धेत नाही, अनेक वर्षांत.

असं वर्षानुवर्षं टिकलेलं एक नाव म्हणजे ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रे शहराचा पाउलो व्हितोर दामो दा रोझा. किशोरवयात तो या स्पर्धांमध्ये उतरला. २०१० मध्ये सान हुआनला आणि २०१७ मध्ये क्योतोला त्यानं प्रो टूर जिंकली. प्रो टूरच्या शेवटच्या आठांत तो दहाहून अधिक वेळा पोहोचला. २०१२ मध्ये खेळाच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याची निवड झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये होनोलुलूला तो जगज्जेता झाला आणि त्याला तीन लाख डॉलर मिळाले. पुढे त्याच्या चेहऱ्याचं चित्र असलेला पत्ताही खेळात आला.

हे वाचून वाटेल की पैसा बक्षिसांतूनच येतो. पण आत्ताच केलेला हिशेब आठवा. बक्षीस कधी मिळेल याचा भरवसा नाही. विमानाचं तिकीट आणि हॉटेलचं भाडं मात्र प्रत्येक वेळी भरावं लागतं. म्हणून या खेळाडूंनी जोडीला दुसऱ्या वाटा धरल्या. पत्ते विकणारी दुकानं त्यांचे संघ पुरस्कृत करू लागली. पाउलोही कॅलिफोर्नियातल्या चॅनलफायरबॉल या दुकानाच्या संघाकडून खेळायचा आणि त्यांच्यासाठी लेख लिहायचा. लेख, व्हिडिओ, शिकवण्या आणि खेळाचं थेट प्रक्षेपण ही बऱ्याच खेळाडूंची नेहमीची मिळकत असते. स्पर्धेआधी आठ-दहा जण एकत्र राहून दिवसभर सराव करतात, कुठला कॅट कुणाला हरवतो याच्या नोंदी ठेवतात. टेबलावर दिसतो तो खेळ या सगळ्या कामाचा छोटासा भाग असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या खेळाला मालक आहे. पत्ते कंपनी छापते, नियम कंपनी ठरवते, स्पर्धा आणि बक्षिसंही कंपनीच ठरवते. खेळाडूची स्थिती खंडानं जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यासारखी असते. मेहनत त्याची, कसब त्याचं, पण जमीन दुसऱ्याची.

याचा प्रत्यय अनेकदा आला. वर्षभर गुण कमावून सर्वांत वरच्या श्रेणीत पोहोचलेल्या खेळाडूंना प्रत्येक प्रो टूरला हजर राहण्याचे तीन हजार डॉलर मिळायचे. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून ते अडीचशे होतील. खेळाडूंनी आणि प्रेक्षकांनी ओरड केल्यावर काही दिवसांतच तो निर्णय पुढच्या हंगामापुरता मागे घेतला गेला. डिसेंबर २०१८ मध्ये वारं उलटं फिरलं. ३२ निवडक खेळाडूंची व्यावसायिक लीग आणि प्रत्येकाला ७५ हजार डॉलरचा करार जाहीर झाला. मॅजिकच्या इतिहासात खेळाडूंना पहिल्यांदाच नोकरीसारखी नियमित रक्कम दिसली. पाउलोही त्या ३२ जणांत होता. मग करोना आला, प्रत्यक्ष स्पर्धा थांबल्या आणि मे २०२१ मध्ये लीग बंद करण्याची घोषणा झाली. पाउलोला जगज्जेता होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. २०२३ मध्ये प्रो टूर पुन्हा सुरू झाली, पण करारातली ती नियमित रक्कम परत आली नाही. या सगळ्यात खेळाडूंचं कसब तसूभरही कमी झालेलं नव्हतं.

आपल्या देशातल्या एका उदाहरणात हे आणखी स्पष्ट दिसतं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पत्त्यांचे दोन खेळ होते. एक ब्रिज. त्यात ६० वर्षांचे प्रणब बर्धन आणि ५६ वर्षांचे शिबनाथ सरकार या जोडीनं सुवर्णपदक जिंकलं. दुसरा हार्थस्टोन, म्हणजे ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीचा संगणकावरचा पत्त्यांचा खेळ. तो प्रदर्शनीय प्रकार होता. त्यात गुजरातमधल्या भुजच्या तीर्थ मेहतानं कांस्यपदक मिळवलं, पण ते अधिकृत पदकतालिकेत धरलं गेलं नाही. पुढच्या, हांगझोऊच्या स्पर्धेत हार्थस्टोन अधिकृत प्रकार असणार होता. पण जानेवारी २०२३ मध्ये ब्लिझार्ड आणि तिची चिनी भागीदार नेटईझ यांचा करार संपला, चीनमध्ये हा खेळ बंद पडला आणि स्पर्धेच्या यादीतूनही तो वगळला गेला. दोन कंपन्यांचं जमलं नाही आणि आशियाभरातल्या खेळाडूंची तयारी वाया गेली. त्याच हांगझोऊमध्ये भारताच्या पुरुष ब्रिज संघानं रौप्यपदक जिंकलं. ब्रिजला मालक नाही. तो कुणी बंद करू शकत नाही.

मग मुलाला नाही म्हणायचं का? तसं मी म्हणणार नाही. शक्यता मोजणं, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणं, हरल्यावर 'नशीब वाईट होतं' असं म्हणण्याआधी आपली खेळी तपासणं, ही शिदोरी बाहेरच्या जगातही चालते. मॅजिकचा २००० सालचा जगज्जेता जॉन फिंकेल पुढे न्यू यॉर्कमध्ये गुंतवणुकीच्या व्यवसायात गेला. डेव्हिड विल्यम्स हा मॅजिकचा खेळाडू २००४ च्या पोकर विश्वमालिकेच्या मुख्य स्पर्धेत दुसरा आला.

पोकरचं नाव आलंच आहे, तर आपला कायदाही माहीत असू द्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानुसार पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. ई-स्पोर्ट्सना मात्र या कायद्यानं वेगळी मान्यता दिली आहे. तिथे प्रवेश शुल्क आणि कामगिरीवर मिळणारं बक्षीस चालतं. तेव्हा मूल नेमकं काय खेळतंय, त्यात पैसे लावले जातात का, हे विचारून घ्या.

आणि त्याला दोन गोष्टी सांगा. पहिली, खर्चाची वही ठेव. पत्ते, प्रवास आणि प्रवेश शुल्क एका बाजूला, बक्षीस दुसऱ्या बाजूला. वर्षाअखेरीस ती वही एकत्र बसून बघा. दुसरी, शिक्षण सोडू नकोस, आणि खेळाबरोबर लिहायला, बोलायला, शिकवायलाही शीक. स्पर्धा उद्या बंद झाली, तर बक्षीस थांबेल. समजावून सांगण्याची कला मात्र दुसऱ्या खेळातही उपयोगी पडेल आणि दुसऱ्या धंद्यातही.

तुमच्या घरात असा एखादा खेळाडू असेल, तर आज त्याच्यासोबत एक डाव बसा. नियम त्याच्याकडूनच शिकून घ्या. तो किती नीट समजावून सांगतो, त्यावरून तुम्हाला बरंच काही कळेल. भेटूया पुढच्या भागात.