तळ्यावरची जुनी शिडाची होडी: निगा, दुरुस्ती, सुधारणा

नागपूरहून समुद्र गाठायचा तर सातआठशे किलोमीटर जावे लागते. तरी शिडाची होडी या शहराला परकी नाही. एनसीसीच्या नौदल विभागाचे छात्र अंबाझरी तलावात होडी वल्हवण्याचा आणि शिडावर चालवण्याचा सराव करतात. रामटेकजवळच्या खिंडसी तलावात पाणीही भरपूर आहे आणि वाराही मोकळा मिळतो. प्रशिक्षणाच्या अशा होड्या बहुधा नव्या नसतात. एनसीसीत सर्रास दिसणारी दोघांची 'एंटरप्राइझ' घ्या. इंग्लंडच्या जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये तिचा आराखडा केला. लांबी जेमतेम ४ मीटर, शिडे निळी आणि मूळ बांधणी प्लायवुडची. नीट सांभाळली तर अशी होडी वीसतीस वर्षे सहज चालते. मात्र होडीच्या दुरुस्तीची पुस्तके बहुतेक समुद्रकाठच्या माणसांनी लिहिलेली आहेत. त्यांतला बराच सल्ला नागपुरात जसाच्या तसा लागू पडत नाही.

गोडे पाणी आणि खारे पाणी

समुद्रात लाकडाचा मोठा शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा जहाजकिडा. गोड्या पाण्यात तो जगत नाही. गोडे पाणी विजेचे दुर्बल वाहक असल्याने दोन निरनिराळे धातू एकमेकांना लागून असले तरी गंज मंद गतीने चढतो. तळ्यावरच्या होडीला मिळणारी ही मोठी सवलत आहे.

बुरशीच्या बाबतीत मात्र गणित उलटे होते. मीठ बुरशीला रोखते, म्हणून समुद्राच्या पाण्याने भिजलेले लाकूड सहसा कुजत नाही. कुजवते ते पावसाचे पाणी. होडीबाहेरच्या तलावापेक्षा होडीत साचलेल्या दोन बोटे पाण्याची धास्ती जास्त घ्यावी. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीला पाय रोवता येत नाहीत. त्याच्या वर गेला, हवा कोंडली आणि ऊब मिळाली की आतून भुसा व्हायला वेळ लागत नाही. आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

फायबरच्या होडीलाही गोडे पाणी जास्त बाधते. पॉलिएस्टर रेझिनमध्ये काही घटक नीट न जुळता उरलेले असतात. जेलकोटमधून, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थरातून, पाण्याचा अंश आत झिरपतो, त्या घटकांना विरघळवतो आणि आत एक दाट द्रव तयार होतो. मग परासरणाने बाहेरचे पाणी आणखी ओढले जाते आणि तळाला फोड येतात. बाहेरचे पाणी जितके कमी खारे आणि जितके कोमट, तितका हा खेळ जलद चालतो. फोड फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर दुखणे हेच, असे समजावे. यावरचा साधा उपाय म्हणजे काम संपल्यावर होडी पाण्याबाहेर काढणे. रोज बाहेर येणाऱ्या होडीला फोड क्वचितच येतात.

बाहेर काढून ठेवलेल्या होडीला मात्र वाळवी लागते. समुद्रकाठच्या पुस्तकांत हा धोका सहसा सापडत नाही. विदर्भातल्या मातीवर लाकडी होडी पालथी टाकून पावसाळा काढणे म्हणजे ती वाळवीच्या हवाली करणे. होडी जमिनीपासून हातभर उंच, लोखंडी घोडीवर ठेवावी. तळाची बुचे उघडी असावीत, हवाबंद कप्प्यांची झाकणे काढलेली असावीत आणि वर ताडपत्री अशी बांधावी की खालून वारा फिरेल. जुन्या होडीवर जो काही खर्च करायचा असेल, त्यातला पहिला खर्च या घोडीवर आणि ताडपत्रीवर करावा. बाकी सारे नंतर.

दुरुस्तीआधीची तपासणी

रंगाचा डबा आणण्याआधी एक नाणे, एक टोच्या आणि टॉर्च घेऊन होडीभोवती बसावे. फायबरवर किंवा प्लायवर नाण्याने टकटक करत जायचे. निरोगी भाग खणखणीत वाजतो, थर सुटलेला किंवा कुजलेला भाग बद्द वाजतो. ही पद्धत बाळबोध वाटेल. पण नागपुरात हवाई दलाच्या अनुरक्षण कमांडचे मुख्यालय आहे, आणि विमानांच्या अशाच थरांच्या भागांची प्राथमिक तपासणीदेखील नाण्याच्या टकटकीने करतात. बद्द आवाजाच्या भागाभोवती पेन्सिलने रेघ ओढत जावे. शेवटी होडीचा नकाशाच हाती येतो.

सपाट, मोकळा पृष्ठभाग सहसा बिघडत नाही. बिघडते ती जिथे दोन वस्तू भेटतात ती जागा: स्क्रूचे भोक, तारा अडकवण्याच्या पट्ट्या, सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीचा तळाशी असलेला सांधा, सुकाणूच्या बिजागऱ्या, डोलकाठी टेकते तो ठोकळा. टोच्या तिथेच टोचून पाहावा. सेंटरबोर्डच्या पेटीचा सांधा तर प्रत्येक जुन्या होडीत संशयितच मानावा, कारण होडी आडवी ढकलली जाते तेव्हा सारा पीळ त्यावर येतो.

मुंबईच्या 'सुहैली'चा धडा

बांधकामातली एक बाब आयुष्यभर कशी पुरते, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच घडले. १९६४ मध्ये कुलाब्याच्या कारखान्यात सागवानात बांधलेली ३२ फुटी 'सुहैली' घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसे करणारे ते पहिलेच. निघाल्यावर थोड्याच दिवसांत होडीत पाणी येऊ लागले. तळातल्या कण्याजवळचा फळ्यांचा सांधा उघडत होता. त्यांनी भर समुद्रात बुड्या मारून त्या फटीत कापूस ठासला, त्यावर कॅनव्हासची पट्टी ठोकली आणि ती उखडू नये म्हणून वरून तांब्याची पत्री बसवली. ही मलमपट्टी टिकली.

कोकणातले कारागीर होडीचे सांधे कापूस आणि राळ-तेलाने पिढ्यान्‌पिढ्या भरत आले आहेत. तेच तंत्र दक्षिण महासागरापर्यंत उपयोगी पडले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

'सुहैली'चे सागवान पन्नास वर्षांनंतरही शाबूत होते. फळ्या जखडणारे लोखंड मात्र गंजले होते. नॉक्स-जॉन्स्टन यांनी उतारवयात बराचसा भाग स्वतःच्या हाताने करून ती दुरुस्त केली आणि २०१६ मध्ये पुन्हा पाण्यात उतरवली. लाकडी होडी विकत घेताना फळ्यांइतकाच वेळ खिळ्यांना आणि बोल्टांना द्यावा, तो यासाठी. एखाददुसरा स्क्रू काढून पाहिला तर बाकीच्यांची अवस्था कळते.

लाकूड आणि प्लाय

एंटरप्राइझसारख्या होडीचा कुजका भाग कापून नवा प्लाय बसवायचा तर दुकानात 'मरीन' म्हणून मिळते त्यावर समाधान मानू नये. शिक्का पाहावा: आयएस ७१०. फर्निचरचा आयएस ३०३ प्लाय स्वस्त असतो, पण पाण्यातल्या कामाचा नाही. चांगल्या प्लायलाही कडेने पाणी शिरते, म्हणून कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीने दोनतीनदा भिजवून बंद करावी.

जोड सपाट टोकाला टोक लावून करू नये. दोन्ही कडा तिरक्या रंधून एकमेकींवर बसवाव्यात. उतार जाडीच्या आठपट किंवा त्याहून अधिक हवा. ६ मिलिमीटरच्या प्लायला म्हणजे किमान ४८ मिलिमीटर लांब उतार. कुजलेला भाग दिसतो त्याच्या थोडे पुढेपर्यंत कापावा, कारण बुरशीचे तंतू रंग बदललेल्या भागापलीकडे पोचलेले असतात. कुजक्या लाकडावर पातळ इपॉक्सी ओतून ते 'घट्ट' करण्याचा मोह टाळावा. वरून ते कडक होते, आत मात्र तसेच राहते.

सागवानाच्या बाबतीत विदर्भ भाग्यवान आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरच्या आगारातूनच सागवान गेले. होडीची कड, सुकाणूचा दांडा, बसण्याच्या पट्ट्या यांसाठी त्यासारखे लाकूड नाही. लहान होडीचा पूर्ण सांगाडा मात्र त्याने जड होतो. सागवानात नैसर्गिक तेल असते, म्हणून चिकटवण्याच्या थोडेच आधी तो भाग ॲसिटोनने पुसावा, नाहीतर सांधा सुटतो.

फळ्यांची जुनी होडी असेल तर आणखी एक काळजी. उन्हाळ्यात फळ्या आकसतात आणि सांध्यांतून उजेड दिसतो. घाबरून त्या फटी कडक लांबीने भरल्या तर पावसाळ्यात फळ्या फुगताना जागा उरत नाही. मग आतल्या फासळ्या तडकतात किंवा खिळे उपटून येतात. अशा होडीवर आधी काही दिवस ओली पोती टाकावीत आणि फळ्या फुगू द्याव्यात. त्यानंतरही गळेल तोच सांधा भरावा.

फायबर

आवश्यक ते थोडक्यात सांगतो. तडा गेलेली जागा जाडीच्या बारापट उतारात घासून घ्यावी आणि काचेच्या कापडाचे थर चढवावेत. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी नीट चिकटते, पण सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही. म्हणून दुरुस्ती एकदा इपॉक्सीने केली की पुढेही इपॉक्सीच वापरावी. घासताना मास्क अनिवार्य.

बोल्टाच्या भोकातून गळत असेल तर बाहेरून सिलिकॉन फासू नये. बाथरूमचे सिलिकॉन तर होडीजवळ आणूच नये. त्याचा मेणासारखा थर मागे राहतो आणि त्यावर पुढे ना रंग धरतो ना गोंद. बोल्ट काढावा, भोक मोठे करून इपॉक्सीच्या लगद्याने भरावे, सुकल्यावर पुन्हा नेमके भोक पाडावे आणि ब्यूटिल टेप लावून बोल्ट आवळावा. अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण मग आतल्या लाकडाला पाणी लागत नाही.

डोलकाठी, तारा, शीड

डोलकाठी उभी धरणाऱ्या तारांवरून सुती चिंधी फिरवावी. जिथे धागा अडकेल तिथे तारेची एक लड तुटली आहे, आणि ती अख्खी तार बदलायची. एक लड कापून गुळगुळीत करण्यात शहाणपण नाही. अॅल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टेनलेसच्या रिबेटांभोवती पांढरी भुकटी दिसली तर अॅल्युमिनियम खाल्ले जात आहे. रिबेट मोनेलचे घ्यावेत आणि मध्ये गंजरोधक लेप द्यावा. बंदरात कायम तरंगणाऱ्या मोठ्या बोटींना जस्ताचे तुकडे लावतात, ते आधी झिजतात आणि बाकीचा धातू वाचतो. गोड्या पाण्यात जस्तावर थर साचून ते निष्क्रिय होते. तिथे मॅग्नेशियम लावावे.

शिडाचा खरा मारेकरी ऊन. पॉलिएस्टरच्या कापडापेक्षा शिवणीचा दोरा आधी मरतो. नखाने टाका खरवडून पाहावा. तुटला तर अख्खी शिवण नव्याने मारून घ्यावी. ताडपत्री शिवणाऱ्या जाड मशीनच्या कारागिराकडे, अतिनील किरण सोसणारा दोरा स्वतः नेऊन, हे काम चांगले होते. शीड एकाच घडीवर रोज दुमडू नये, गुंडाळावे.

नागपूरच्या हवेचे वेळापत्रक

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. इपॉक्सीचा काम करण्याचा अवधी दर १० अंशांना साधारण निम्मा होतो. डब्यावर २५ अंशांना अर्धा तास लिहिला असेल तर ४५ अंशांना सातआठ मिनिटेच हाती राहतात, आणि खोल डब्यात ढवळलेले मिश्रण धुमसूही लागते. पावसाळ्यात उलटी अडचण येते. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो. घासण्याआधी तो साध्या पाण्याने धुतला नाही तर पुढचा थर सुटतो. म्हणून चिकटवण्याची, थर चढवण्याची मोठी कामे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावीत. लाकूड सुकवणे, जुना रंग खरवडणे, तपासणी ही कामे उन्हाळ्यात. जसे आपण मार्चमध्ये कूलरची टाकी खरवडून रंगवतो, तसे होडीचेही वार्षिक काम ठरलेले असावे.

रंग पांढरा किंवा फिकट घ्यावा. साध्या तापमानाला सुकलेली बरीच इपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, आणि उन्हातला गडद निळा पृष्ठभाग त्याच्याही वर सहज तापतो. दुरुस्तीचे ठिगळ त्यामुळे उठून दिसू लागते.

सुधारणा केव्हा आणि किती

जुन्या होडीवर नवे सामान लावणे सर्वांनाच आवडते. पण बळकट नवा भाग जुन्या भागावर ताण ढकलतो. न ताणणारा डायनिमाचा दोर लावला की वाऱ्याचा प्रत्येक हिसका थेट डोलकाठीच्या कप्पीवर आणि तिच्या रिबेटांवर येतो. पूर्वी तो अर्धामुर्धा दोरच सोसत असे. आधी टेकू, मग दोर, हा क्रम पाळावा.

तळ्यावर खरोखर उपयोगी सुधारणा मोजक्या आहेत: चालताना पाणी आपोआप बाहेर टाकणारी झडप, उलटलेली होडी सरळ करण्यासाठी तळाखालून ओढायचा दोर आणि वर उचलता येणारे सुकाणूचे पाते. अंबाझरीत जलपर्णी पसरते तेव्हा स्थिर पात्यात ती अडकून होडी जागीच खिळते.

जुन्या आराखड्याच्या होडीची ताकद २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दिसली. १९८८ च्या आधी आखलेल्या ३२ ते ३६ फुटी होड्यांनाच तिथे प्रवेश होता. भारताचे अभिलाष टॉमी 'बायनात' ही होडी घेऊन दुसरे आले. वाटेत सुकाणू सांभाळणाऱ्या यंत्रणेचे पाते मोडले तेव्हा त्यांनी होडीतल्या शौचालयाचे दार कापून नवे पाते केले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली नौदलाची 'तारिणी' २०१७-१८ मध्ये पृथ्वीला फेरी घालून आली आणि २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात दुसऱ्यांदा. मधल्या वर्षांतही तीच होडी निगा राखून समुद्रात वापरात होती.

दुरुस्त होडी तळ्यात नेण्याआधी एक चाचणी चुकवू नये. कंबरभर पाण्यात ती मुद्दाम उलटवावी आणि दहा मिनिटे तशीच ठेवावी. मग सरळ करून हवाबंद कप्प्यांची झाकणे उघडून पाहावीत. आत पेलाभर पाणी असेल तर झाकणाचे रबर बदलावे. त्याहून जास्त असेल तर होडी पुन्हा घोडीवर घ्यावी आणि कप्पा साबणाच्या पाण्याने व सायकलच्या पंपाने हलकी हवा भरून तपासावा. जिथे फेस येतो तिथे सांधा उघडा आहे.