घरगाडीतील उष्णता आणि आवाज : कारणे व उपाय

पुणे-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्ग निपाणीवरून जातो. या महामार्गाचा पूर्वीचा क्रमांक ४ होता, आता तो ४८ आहे. कोल्हापूरकडून येणारी वाहने निपाणी ओलांडून तवंदी घाट चढतात आणि संकेश्वरमार्गे बेळगावकडे जातात. या परिसरातून सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या व पंढरपूरच्या यात्रेस जाणाऱ्या कुटुंबांची संख्याही मोठी आहे. पूर्वी अशा यात्रेसाठी बैलगाडीवर तट्ट्यांचे छप्पर बांधीत, त्यावर घोंगडी अंथरीत आणि मुक्कामी त्याच गाडीत झोपत. आता बैलगाडीची जागा टेम्पोने व छोट्या बसने घेतली आहे. जुनी प्रवासी गाडी घेऊन तीत झोपण्याची, बसण्याची व चहापाण्याची सोय करून घेण्याकडे लोकांचा कल वाढत आहे. अशा वाहनास कॅराव्हॅन किंवा घरगाडी म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यापासून या विषयाकडे अधिक लक्ष वेधले गेले आहे. फिरता दवाखाना, फिरते वाचनालय व फिरती प्रयोगशाळा ही वाहनेही बांधणीच्या दृष्टीने याच वर्गात मोडतात.

पत्र्याच्या वाहनात राहावयाचे म्हटले की दोन अडचणी उभ्या राहतात. दिवसा पत्रा तापतो आणि रात्री रस्त्यावरील वाहनांचा आवाज झोपू देत नाही. ही केवळ सुखसोयीची बाब नव्हे. दुपारी तापलेल्या गाडीत पडून राहिलेल्या चालकास विश्रांती मिळत नाही, आणि झोप न झालेला चालक रात्री घाटात गाडी चालवितो तेव्हा आतील सर्वांचाच जीव धोक्यात येतो. मात्र उपाय करताना घाई झाल्यास मूळ अडचणीपेक्षा मोठे संकट ओढवते. म्हणून या कामामागील शास्त्र प्रथम समजून घेणे हिताचे ठरेल.

उष्णता आत कशी येते?

उष्णता तीन मार्गांनी प्रवास करते : प्रारणाने, वहनाने व अभिसरणाने. सूर्याचे किरण टपावर पडतात आणि पत्रा तापतो, हे प्रारण होय. एप्रिल महिन्यात या भागातील हवेचे तापमान दुपारी ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, परंतु उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा गडद रंगाचा टप ६० अंशांच्याही वर तापतो. ही उष्णता पत्र्यातून विनासायास आत उतरते, कारण पोलाद हे उष्णतेचे सुवाहक आहे. थर्माकोलच्या मानाने पोलादातून उष्णता हजार पटींहून अधिक सुलभतेने वाहते. पुढे तापलेला टप आतील माणसांवर उष्णतेचा मारा करतो आणि आतील हवाही तापवितो.

पहिला व सर्वांत स्वस्त उपाय बाहेरच करता येतो. टपास पांढरा रंग दिल्यास सूर्याच्या उष्णतेचा मोठा भाग आत शिरण्यापूर्वीच परत फिरतो. टपापासून काही अंतर सोडून वर कापडाची किंवा तट्ट्याची सावली केल्यास मधून वारा खेळतो आणि टप तापत नाही. बैलगाडीवरील तट्ट्यांच्या छपरामागे हेच तत्त्व होते.

त्यानंतर आतील उष्णतारोधक थराचा विचार करावा. थर्माकोल, काचलोकर, लोकर व बूच या सर्व पदार्थांत एक समान गुण आहे. त्यांच्या असंख्य बारीक पोकळ्यांत हवा कोंडलेली असते आणि स्थिर हवा ही उष्णतेची दुर्वाहक आहे. हा थर दाबून भरल्यास हवा निघून जाते व त्याचा गुण कमी होतो.

थर किती जाड असावा, हे साध्या हिशेबाने कळते. थराच्या दोन्ही बाजूंच्या तापमानांत ३० अंशांचा फरक असेल, तर २५ मिलिमीटर थर्माकोलच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे ४२ वॅट उष्णता आत येते. थर ५० मिलिमीटर केल्यास ती २१ वॅट होते, आणि ७५ मिलिमीटर केल्यास १४ वॅट. म्हणजे दुसऱ्या थराने २१ वॅट वाचले, तर तिसऱ्याने केवळ ७. शिवाय प्रत्येक थरागणिक आतील उंची घटते. म्हणून टपास ५० व बाजूंस २५ ते ४० मिलिमीटर इतका थर बहुधा पुरेसा होतो.

सांगाड्याच्या लोखंडी पट्ट्या मात्र विसरू नयेत. दोन पट्ट्यांमधील जागा उत्तम भरली आणि आतील प्लायवूड थेट पट्टीवर ठोकले, तर त्या पट्टीतून उष्णता पुलावरून जावी तशी आत येते. पट्टी व प्लायवूड यांच्यामध्ये लाकडी फळी आणि नमद्याची पट्टी घालावी. चकचकीत रुपेरी कागदाबाबतही गैरसमज आढळतो. हा कागद प्रारण परतवितो, परंतु त्याच्या एका बाजूस किमान दोन सेंटिमीटर हवेची पोकळी हवी. दोन पृष्ठभागांत तो दाबून चिकटविला, तर त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही.

आवाजाचा स्वभाव निराळा

थर्माकोल लावल्याने गाडी शांत होईल, ही समजूत चुकीची आहे. थर्माकोल उष्णता उत्तम अडवितो, पण तो वजनाने हलका व ताठ असल्याने आवाजास फारसा अडथळा करीत नाही. आवाज अडविण्याची कामे चार आहेत आणि प्रत्येकासाठी वेगळा पदार्थ लागतो.

पहिले काम पत्र्याचा कंप शमविण्याचे. इंजिनाच्या व रस्त्याच्या हादऱ्यांनी पत्रा ढोलाच्या कातड्यासारखा थरथरतो आणि स्वतःच आवाज करतो. बोटाच्या पेराने पत्रा ठोकून पाहावा. ‘टण्ण’ असा आवाज लांबत राहिला, तर तेथे रबर किंवा डांबरमिश्रित जड पट्टा चिकटवावा. त्यानंतर ‘धप्प’ असा आखूड आवाज येतो. पत्र्याचा संपूर्ण भाग झाकण्याची गरज नसते. मधला निम्मा किंवा त्याहूनही कमी भाग झाकल्यास बराचसा परिणाम साधतो. हे पट्टे चौरस मीटरला तीन ते चार किलो भरतात, म्हणून काटकसर केलेली बरी. टपास डांबरी पट्टा लावू नये. उन्हात तो मऊ होऊन सुटतो व त्याचा वास येतो. तेथे ब्युटाइल रबराचा पट्टा योग्य.

दुसरे काम आवाजास वजनाने अडविण्याचे. भिंतीचे वजन दुप्पट केल्यास आवाज साधारणतः पाच ते सहा डेसिबलने कमी होतो. वाहनात वजनास मर्यादा असल्याने जड थर सर्वत्र न देता इंजिनावरील झाकण, चालकाच्या पायाखालची जमीन व चाकांवरील कमानी येथेच द्यावा.

तिसरे काम आवाज शोषण्याचे. त्यासाठी तंतुमय व सच्छिद्र पदार्थ लागतो. काचलोकर, लोकर, काथ्या, नमदा हे पदार्थ येथे उपयोगी पडतात. उष्णता व आवाज या दोहोंसाठी थोडाफार उपयोगी ठरणारा वर्ग हाच होय.

चौथे काम फटी बुजविण्याचे असून ते सर्वांत महत्त्वाचे आहे. तीस डेसिबल आवाज अडविणाऱ्या भिंतीच्या शंभराव्या भागाइतके भोक मोकळे राहिले, तर ती भिंत वीस डेसिबलच अडविते. दहा डेसिबलचा फरक म्हणजे कानास आवाज जवळपास दुप्पट वाटणे. म्हणून दारांचे रबर, वायरी जाण्याची छिद्रे आणि जमिनीतील जुन्या बोल्टांच्या जागा प्रथम तपासाव्यात. जमिनीतील छिद्रे बुजविल्याने धूळ व सायलेन्सरचा विषारी धूरही आत येत नाही.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. महामार्गालगत उभी केलेली गाडी कितीही थर दिले तरी त्या मर्यादेत येईलच असे नाही. मुक्कामासाठी रस्त्यापासून दूर, एखाद्या इमारतीच्या किंवा उंचवट्याच्या आड जागा निवडणे हा कोणत्याही थरापेक्षा प्रभावी उपाय आहे. चालकास मागच्या वाहनाचा भोंगा व रुग्णवाहिकेचा इशारा ऐकू आला पाहिजे, हेही ध्यानात ठेवावे.

दमट हवा व गंज

झोपलेला मनुष्य श्वासातून व त्वचेतून रात्रभरात पाव लिटर किंवा त्याहून अधिक पाणी हवेत सोडतो. चार माणसे झोपल्यास एक लिटर पाणी गाडीत जमते. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळाला की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते. थंडीच्या रात्री ही वाफ थराआडच्या गार पत्र्यावर पोहोचते, तेथे तिचे दवबिंदू होतात आणि पत्रा आतून गंजू लागतो. वरून सर्व काही सुबक दिसत असते. गंज कळतो तो पत्रा फुटल्यावरच.

यासाठी थर लावण्यापूर्वी जुना गंज खरवडून गंजरोधक रंग द्यावा. थर्माकोलचे तुकडे पत्र्यास सर्वत्र चिकटवून सांधे पट्टीने बंद करावेत. दारांच्या व उंबऱ्यांच्या तळाशी कंपनीने ठेवलेली निचऱ्याची छिद्रे कदापि बुजवू नयेत. पावसाळ्यात आत शिरलेले पाणी त्यांवाटेच बाहेर पडते.

आग व गुदमरणे

या विषयातील सर्वांत गंभीर भाग हा आहे. साधा थर्माकोल व गादीचा फोम क्षणात पेट घेतात. फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे प्राणघातक वायू असतात. १४ नोव्हेंबर २०१३ रोजी याच महामार्गावर हावेरीजवळ एका खासगी प्रवासी बसला आग लागून सात प्रवासी मृत्युमुखी पडले. बंद वाहनास आग लागते तेव्हा बाहेर पडण्यास किती थोडा अवधी मिळतो, हे अशा दुर्घटनांवरून दिसते. म्हणून आग सहज न धरणारा पदार्थ निवडावा. इंजिन, सायलेन्सर व शेगडी यांच्या जवळ काचलोकरच वापरावी. ती बसविताना तोंडावर फडके व हातांत मोजे असावेत, आणि नंतर ती कापडाने व प्लायवूडने पूर्ण झाकावी. उसाचे चिपाड, भुसा किंवा गवताचा पेंढा स्वस्त मिळतो, परंतु तो पेटतो, दमट होतो व त्यात उंदीर घर करतात.

या भागात सहज मिळणारी मेंढीची जाडीभरडी लोकर या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. ती सहजी पेट घेत नाही व ज्वाला दूर करताच बहुधा विझते. स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ ती शोषते आणि हवा कोरडी होताच परत सोडते. आवाजही ती चांगला शोषते. मात्र ती धुऊन तेलकटपणा काढलेली असावी आणि तिला कसर लागू नये म्हणून प्रक्रिया केलेली असावी.

गाडी जितकी घट्ट बंद होईल, तितकी हवेची वाट अधिक काळजीपूर्वक ठेवावी लागते. एक झडप जमिनीलगत व एक टपाजवळ असावी, आणि दोन्ही झोपतानाही उघड्या राहाव्यात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खाली साचतो. खालची झडप त्यासाठीही आवश्यक आहे. बंद गाडीत शेगडी किंवा कोळशाची पाटी पेटवून झोपणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही व वासही नाही. अडविलेल्या आवाजाचा काही अंश झडपेवाटे परत येईल, तो सोसावा. झडपेचा मार्ग वळणाचा करून त्यास आतून नमदा लावल्यास हवा येते व आवाज बराच अडतो. बाहेर पडण्यास दाराखेरीज आणखी एक वाट असावी व अग्निशामक नळकांडे हाताशी असावे.

कामाचा क्रम व कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तिकेतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात मनास येईल तसा करता येत नाही. निपाणी तालुक्यातील वाहनधारकाने काम सुरू करण्यापूर्वी चिक्कोडी येथील परिवहन कार्यालयाकडे चौकशी करावी आणि विमा कंपनीसही बदल कळवावा. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. वाढलेले वजन नोंदणीतील मर्यादेत बसते किंवा नाही, हे वजनकाट्यावर पाहावे.

पुढील क्रम असा ठेवावा : गंज काढणे व रंग देणे, फटी बुजविणे, झडपांची छिद्रे पाडणे, कंपशामक पट्टे लावणे, वायरी नळीतून टाकणे, उष्णतारोधक थर भरणे आणि शेवटी प्लायवूड बसविणे. वायरी थरात उघड्या दाबू नयेत. वेल्डिंगचे काम थर लावण्यापूर्वीच पूर्ण करावे, कारण एक ठिणगीही पुरेशी असते.

शाळेत करावयाचे प्रयोग

शिक्षकांना हे तत्त्व वर्गात दाखविता येईल. सारखे तीन डबे घेऊन त्यांत सारखेच गरम पाणी भरावे. एक डबा उघडा ठेवावा, दुसऱ्यास थर्माकोल व तिसऱ्यास घोंगडीचा तुकडा गुंडाळावा आणि दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवावे. दुसऱ्या प्रयोगात गजराचे घड्याळ पत्र्याच्या डब्यात ठेवावे. डब्यास आतून प्रथम थर्माकोल व नंतर घोंगडी लावून आवाजातील फरक ऐकावा. शेवटी झाकणाची फट ओल्या मातीने बुजवून पुन्हा ऐकावे. उष्णतेच्या प्रयोगात यशस्वी ठरलेला थर्माकोल आवाजाच्या प्रयोगात का मागे पडतो, हे विद्यार्थी आपण होऊन सांगतील.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालवाहू वाहनांच्या चालककक्षात वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. चालकाची विश्रांती हा रस्ता सुरक्षेचाच भाग आहे, हे यावरून स्पष्ट होते. घरगाडी बांधणाऱ्यांनी व बांधून घेणाऱ्यांनी उष्णतेसाठी एक, आवाजासाठी दुसरा असा योग्य थर निवडावा, आणि या दोहोंपुढे श्वासासाठी हवेची वाट मोकळी ठेवावी. असे केल्यास चालकास झोप मिळेल आणि प्रवास सर्वांनाच सुखाचा व निर्धोक होईल.