प्रवाही प्रक्षेपणातील खुली मानके व सुगम्यता

इंटरनेटवरून ध्वनी व चित्रे अखंड प्रवाहाच्या रूपाने पाठविणे आणि ती पूर्णपणे उतरवून घेण्याची वाट न पाहता येतील तसतशी ऐकणे वा पाहणे, या पद्धतीस प्रवाही प्रक्षेपण म्हणतात. व्यवहारात तिला स्ट्रीमिंग हे नाव रूढ आहे. तिच्यासाठी लागणारे संकेतन व वहन यांचे नियम प्रसिद्ध असतील आणि कोणाही उत्पादकास त्यांनुसार साधन बनविता येत असेल, तर त्या नियमांस खुले मानक म्हणतात. अंध, कर्णबधिर वा हातांच्या हालचाली मर्यादित असलेल्या व्यक्तींनाही कार्यक्रमाचा लाभ घेता येणे म्हणजे सुगम्यता. या दोन बाबी भिन्न असल्या, तरी दुसरी पहिलीवर बरीचशी अवलंबून असते.

रेडिओची कंप्रता व विरूपण पद्धती सर्वज्ञात असल्याने कोणत्याही कारखान्याच्या ग्राहीवर कोणतेही केंद्र ऐकता येते. इंटरनेटवर प्रारंभी तसे घडले नाही. १९९५ मध्ये प्रचारात आलेल्या रिअलऑडिओचे संकेतन व ते ऐकविणारी आज्ञावली ही एकाच कंपनीच्या मालकीची होती. विंडोज मीडियाची स्थितीही तशीच होती. अशा आज्ञावलीतील चित्रमय कळांना पाठ्य नाव दिलेले नसल्यास अंधांच्या पडदावाचकाला त्या सापडत नसत आणि ही उणीव दूर करणे मालकाखेरीज कोणाच्याही हाती नसे.

ग्रेट ब्रिटनमधील ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन ही संस्था मुख्यत्वे दूरचित्रवाणी परवाना शुल्कावर चालते. तिने जुलै २००७ मध्ये आयप्लेअर ही सेवा प्रायोगिक रीत्या खुली केली, तेव्हा ती केवळ विंडोज एक्सपी असलेल्या संगणकांवर चाले. शुल्क मात्र मॅकिंटॉश व लिनक्स वापरणारेही भरत होते. त्यांनी हरकत घेतली. डिसेंबर २००७ मध्ये प्रवाही रूप उपलब्ध झाल्यावर अडचण बरीच कमी झाली. तथापि ते फ्लॅशवर आधारलेले होते, म्हणजे एका मालकाच्या जागी दुसरा आला इतकेच. फ्लॅशच्या उत्पादकाने २०२० च्या अखेरीस त्याचा पाठिंबा थांबविला. विशेष म्हणजे याच संस्थेच्या संशोधन विभागाने डिरॅक ही मुक्त चित्र-संकेतन पद्धती विकसित केली होती.

वहनाच्या बाबतीत पुढे एकवाक्यता वाढली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमपेग-डॅश या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कार्यक्रमाचे लहान तुकडे निरनिराळ्या दर्जांत साठवितात व ग्राहक साधन जोडणीच्या वेगानुसार पुढचा तुकडा निवडते. २०१४ मध्ये मान्य झालेल्या एचटीएमएल ५ मुळे चलच्चित्र व त्याची उपशीर्षके हे ब्राउझरचेच अंग बनले. संकेतन कोणते वापरावे हे मात्र एकस्वांच्या वादामुळे त्यात अनिर्णीत राहिले.

उपशीर्षके चित्रातच कोरलेली असल्यास ती मोठी करता येत नाहीत, त्यांचा रंग बदलत नाही व अंध-बधिरांच्या ब्रेल साधनावर ती उमटत नाहीत. वेबव्हीटीटी किंवा टीटीएमएल या मानकांनुसार ती वेळेच्या नोंदींसह स्वतंत्र मजकूर म्हणून पाठविल्यास हे सर्व शक्य होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९० च्या अपंगविषयक कायद्याच्या आधारे कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने नेटफ्लिक्सविरुद्ध दावा लावला. २०१२ च्या तडजोडीनुसार कंपनीने २०१४ पर्यंत आपल्या सर्व प्रवाही कार्यक्रमांना उपशीर्षके देण्याचे मान्य केले.

प्रतिबंधक कुलुपांचा प्रश्न याहून अवघड आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१७ मध्ये संकेतबद्ध माध्यमांसाठीचे मानक मान्य केले. त्यातील उलगडा करणारा भाग बंदच राहतो, तेव्हा अपस्माराच्या रुग्णांसाठी लखलखाट गाळण्यासारखी सुधारणा त्रयस्थाने केल्यास ती बेकायदेशीर ठरू शकेल, असा आक्षेप होता. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने निषेधार्थ सदस्यत्व सोडले.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४२ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी श्राव्य वर्णन, खुणांची भाषा व उपशीर्षके यांची तरतूद आहे. मराठीच्या दृष्टीने मानकाची निवड महत्त्वाची ठरते. अमेरिकी अनुरूप दूरचित्रवाणीच्या उपशीर्षक पद्धतीत देवनागरीची सोय नव्हती. वेबव्हीटीटीत युनिकोडमुळे ती आहे. तरीही पाहण्याच्या साधनात जोडाक्षरांची जुळणी करणारी व्यवस्था नसल्यास अक्षरे सुटी पडतात आणि वेलांट्या अस्थानी दिसतात.