मागच्या सीटवर बसलं म्हणून काय झालं?

४ सप्टेंबर २०२२ रोजी उदवाड्याहून मुंबईकडे निघालेली एक मर्सिडीज पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर कठड्याला धडकली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबर मागे बसलेले सहप्रवासी दगावले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनीही सीट बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं.

‘बेल्ट पुढच्यांसाठी, मागे गरज नाही’ हा आपल्याकडचा सर्वांत चिवट गैरसमज. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून थांबते, पण आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि समोरच्या सीटवर जाऊन आपटतो. हा आघात साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका असतो. शिवाय मागे बेल्ट न लावणारा फक्त स्वतःचाच जीव धोक्यात घालत नाही. मागून येणाऱ्या त्या वजनाखाली पुढे बेल्ट लावून बसलेला माणूसही चिरडला जाऊ शकतो. आपल्या घरांत मागची सीट आजी-आजोबांची आणि मुलांची, म्हणून तर ही समजूत जास्त घातक.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे. न लावल्यास १,००० रुपये दंड. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये बेल्ट न लावलेले १६,७१५ जण अपघातांत मरण पावले. त्यांपैकी ८,३३१ प्रवासी होते, म्हणजे जवळपास निम्मे.

‘एअरबॅग आहे की!’ असंही हमखास ऐकू येतं. एअरबॅग बेल्टच्या जोडीला असते, बेल्टऐवजी नाही. ती डोळ्याचं पातं लवण्याआधी फुगते. बेल्ट नसेल तर तोवर शरीर पुढे फेकलं गेलेलं असतं आणि फुगणाऱ्या पिशवीचा जोरदार तडाखा थेट तोंडावर, छातीवर बसतो. बेल्टची कटकट करणारी बीप बंद करायला खाचेत नुसती क्लिप अडकवणारे लोक म्हणूनच स्वतःचा दुहेरी घात करतात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये अशा क्लिपा ऑनलाइन दुकानांतून हटवायला लावल्या, ते योग्यच झालं.

‘बाळ माझ्या मांडीवर सुरक्षित आहे.’ या वाक्यामागे माया आहे, पण गणित वेगळं आहे. ताशी ५० च्या वेगातून गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं बाळ धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. कुठल्याच आईच्या हातांत ती नसते. बाळाला त्याच्या वयाची चाइल्ड सीटच हवी.

पोटुशी बाईने बेल्ट लावू नये, हेही चूक. खालचा पट्टा पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर आणि वरचा छातीच्या मधून, पोटाच्या बाजूने घ्यायचा.

गाडी पेटली किंवा पाण्यात पडली तर बेल्टमुळे अडकू, ही भीती खरी वाटते. पण असे अपघात फार थोडे, आणि त्यांतही बाहेर पडायला माणूस शुद्धीवर हवा. बेल्ट नसेल तर डोकं आधीच आपटलेलं असतं.

बऱ्याच गाड्यांत मागच्या बेल्टची खाच नव्या सीट कव्हरखाली दडपलेली असते. कव्हर बसवून घेतानाच ती वर काढून घ्यावी आणि प्रत्येक पट्टा एकदा अडकवून पाहावा. झटका दिल्यावर तो जागीच अडला, तर ठीक. नाही अडला, तर गाडी गॅरेजला न्यावी.