बाप्तिस्मा : पाण्याचा संस्कार आणि त्याचा अर्थ

पिंपळगाव बसवंताहून आग्र्याच्या हमरस्त्यानें नाशिकास गेलेला यात्रेकरू प्रथम रामकुंडावर स्नान करतो. तीर्थाच्या पाण्यानें पाप जातें ही भावना आपल्या घरोघरीं रुजलेली असल्यामुळें ख्रिस्ती लोकांचा बाप्तिस्मा म्हणजे त्यांचें एक तीर्थस्नानच, असा समज सहज होतो. हा समज अपुरा आहे. म्हणून या संस्काराचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बाप्तिस्मा हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ बुडविणें असा आहे. यार्देन नदीवर योहान नांवाचा साधु पश्चात्ताप पावलेल्यांस स्नान घालीत असे. खुद्द येशूनेंही त्याच्या हातून तें घेतलें. पुढें संत पौलानें त्याचा अर्थ अधिक खोल नेला. पाण्याखालीं जाणें म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणें, आणि वर येणें म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनांत उठणें. मनुष्य एकदांच जन्मतो. म्हणून हा संस्कारही एकदांच. आपलें स्नान नित्याचें. तेव्हां बाप्तिस्म्याशीं तुलना करावयाची तर ती उपनयनाशीं करावी. तेथेंही दुसऱ्या जन्माचीच कल्पना आहे. भेद इतकाच कीं, मुंजीस कुल व वर्ण पाहतात, बाप्तिस्म्यास ते पाहावयाचे नसतात.

त्या धर्मांतही याविषयीं एकवाक्यता नाहीं. रोमन कॅथॉलिक व अँग्लिकन पंथांत तान्ह्या मुलासही हा संस्कार देतात व त्याच्या वतीनें धर्ममातापिता वचन देतात. बॅप्टिस्ट पंथाचे लोक मात्र, ज्याला स्वतः श्रद्धा सांगतां येते त्यालाच पाण्यांत बुडवितात.

परंतु आपल्या प्रांतांत या पाण्यास आणखी एक अर्थ चिकटला. बायबल वाचणारा, मिशनऱ्याशीं वाद करणारा ब्राह्मण घरांत खपत असे. बाप्तिस्मा झाला कीं पंगत, घर व गोत्र तुटे. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं नारायण वामन टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां हेंच झालें. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्या. पदरीं लहान मुलगा असतां त्यांस आप्तांच्या आश्रयानें दिवस काढावे लागले. पुढें त्या पतीकडे नगरास गेल्या. पण तेथेंही त्यांनीं आपली चूल व सोवळें निराळें ठेविलें. जातिभेद ईश्वरानें केला नसून तो मनुष्यकृत आहे, असें त्यांच्या मनानें जेव्हां घेतलें, तेव्हां प्रथम सोवळें सुटलें. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. पतीनें पाण्यास हात लावल्यापासून सुमारें पांच वर्षें मध्यें गेलीं. ही सारी हकीकत 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत त्यांनीं स्वतःच सांगितली आहे.

या दोघांच्या चरित्रांतून एक प्रश्न उभा राहतो. बाप्तिस्मा म्हणजे अंतःकरणाचा पालट, कीं एक समाज सोडून दुसऱ्यांत जाणें? टिळकांस हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाहीं असें दिसतें. १९१७ सालीं त्यांनीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' हा बंधुसमाज स्थापिला आणि त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस स्थान दिलें. ज्या पाण्यासाठीं त्यांनीं घर गमाविलें होतें, तें पाणी भक्तीच्या आड येऊं नये असें त्यांस वाटलें असावें. दोनच वर्षांनीं, १९१९ च्या मे महिन्यांत, ते वारले.

रूढ ख्रिस्ती मत यास पूर्णपणें मानणार नाहीं. कारण उघड कबुलीवांचून श्रद्धा अपुरी, असें तें म्हणतें, व त्या म्हणण्यांतही तथ्य आहे. परंतु आपणांपुरता बोध स्पष्ट आहे. जन्मभर चालणाऱ्या पालटाची ही केवळ सुरुवात आहे, असें ख्रिस्ती शास्त्र सांगतें. जानवें घालून द्विजत्व पुरें होत नाहीं, हें आपल्याही वडीलधाऱ्यांनीं वारंवार सांगितलें आहे. दुसऱ्याच्या संस्काराचा अर्थ समजून घेतांना आपल्या संस्काराचाही अर्थ पुन्हा पाहिला जावा, यांत हानि कसली?