यंत्राचे जुळे भावंड : वहीतला माल आणि वखारीतला माल

धान्याच्या घाऊक व्यापारात आमची चाळीसहून अधिक वर्षे गेली. शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झालेले, त्यामुळे यंत्रशास्त्रावर लिहिण्याचा आमचा अधिकार नाही, हे प्रारंभीच मान्य करावयास हवे. तथापि दोन वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याने आपल्या डाळमिलमध्ये ‘डिजिटल ट्विन’ नावाची व्यवस्था बसविण्याचा आग्रह धरला. त्यासाठी कर्ज काढावयाचे होते आणि कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही आमची होती. तेव्हा ही वस्तू आहे तरी काय, हे समजून घेणे आम्हांस भाग पडले. संघाच्या अनेक सभासदांच्या घरी आज डाळमिल, तेलगिरणी किंवा लहानमोठा कारखाना आहे आणि तेथेही हाच प्रश्न उद्या उभा राहणार आहे. म्हणून जे उमगले ते येथे सांगावे असे वाटले.

समजून घेता घेता ध्यानात आले, की ही कल्पना आम्हां व्यापाऱ्यांस अगदीच परकी नाही. आपणां प्रत्येकाच्या दोन वखारी असतात : एक दगडमातीची, दुसरी वहीतली. पोते आत आले की जमा, बाहेर गेले की खर्च. पेढीवर बसल्या बसल्या आपण माल पाहतो तो वहीत. मात्र या वहीची मर्यादा काय असते, हे आम्ही मोठी किंमत देऊन शिकलो आहोत.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. हरभऱ्याची २१० पोती थप्पी लावून ठेवली होती. खतावणीत २१०, प्रत्यक्ष मोजली तरी २१०. बाहेरच्या पोत्यांतून नळी खुपसून नमुना काढला, तो कोरडा आणि स्वच्छ. भाव चढतील या आशेने आम्ही श्रावणापर्यंत थांबलो. थप्पी उलगडली तेव्हा मधल्या पोत्यांना हात लावताच ऊब जाणवली. दाणे काळवंडलेले, बुरशीचा वास आणि आत किडीचा सुळसुळाट. छपराच्या एका फटीतून पाझरलेले पाणी नेमके मधोमध उतरले होते. ओलसर दाण्याचे श्वसन वाढते, त्यातून उष्णता निघते, त्या उष्णतेने कीड व बुरशी बळावते, आणि त्यायोगे उष्णता आणखी वाढते. ६४ पोती टाकून द्यावी लागली. छपराकडे लक्ष न देण्याची चूक सर्वस्वी आमची होती. वही खोटी नव्हती. माल किती आहे हे तिला ठाऊक होते, तो कसा आहे हे ठाऊक नव्हते.

अशी एक वही कल्पावी, की जी माणसाच्या लेखणीची वाट पाहत नाही. थप्पीच्या पोटात बसविलेली मापके दर काही मिनिटांनी उष्णता व ओल कळवितात आणि वही आपली आपण भरत जाते. शिवाय, अशीच ओल राहिली तर आणखी दहा दिवसांनी काय होईल, हेही ती गणित करून सांगते. यंत्राच्या अथवा कारखान्याच्या बाबतीत अशी जी संगणकातील सजीव वही, तिलाच डिजिटल ट्विन, म्हणजे यंत्राचे जुळे भावंड, असे म्हणतात. प्रत्यक्ष यंत्र तापले की संगणकातले जुळेही तापते. प्रत्यक्ष यंत्राची झीज झाली की त्याचीही होते. नवा प्रयोग करावयाचा तो आधी जुळ्यावर करावा. बिघडले तर लोखंड बिघडत नाही.

या विचाराचे मूळ पुष्कळांच्या मते अमेरिकेच्या अंतराळ मोहिमांत आहे. १९७० च्या एप्रिल महिन्यात अपोलो १३ हे यान चंद्राकडे जात असता त्यातील प्राणवायूच्या एका टाकीचा स्फोट झाला. यान पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून अधिक दूर, आत तीन माणसे. तेथे जाऊन दुरुस्ती करणे कोणासही शक्य नव्हते. परंतु अंतराळवीरांच्या सरावासाठी तयार केलेल्या यानाच्या प्रतिकृती जमिनीवर होत्या. यानाकडून येणाऱ्या आकड्यांबरहुकूम त्या मांडून तज्ज्ञांनी उपाय आधी तेथे पडताळले. जर्मन गोवर (रुबेला) झालेल्या माणसाशी संपर्क आल्यामुळे ऐन वेळी मोहिमेतून वगळलेले केन मॅटिंग्ली हे अंतराळवीर या कामी राबले. तोटक्या विजेवर यान पुन्हा कसे चालू करावे, याचा क्रम असा पडताळून वर कळविण्यात आला आणि १७ एप्रिल रोजी तिघेही सुखरूप परतले. त्या काळी हे जुळे लाकूड, लोखंड व तारांचे होते. पुढे २००२ च्या सुमारास अमेरिकेतील मायकेल ग्रीव्हज यांनी वस्तू आणि तिची संगणकातील प्रतिमा यांच्या जोडीची कल्पना कारखानदारीसाठी मांडली. ‘डिजिटल ट्विन’ हे नाव २०१० च्या सुमारास नासा संस्थेतून रूढ झाले.

कारखानदारीत याचा उपयोग कसा होतो, याची दोन उदाहरणे देतो. पहिले विमानाच्या इंजिनाचे. एकाच साच्यातून निघालेली दोन इंजिने. एक आखाती प्रदेशातील उष्ण, धुळकट हवेत उडते, दुसरे थंड हवेत. दोहोंची झीज सारखी होणार नाही, हे बैलजोडी पाळलेला माणूसही सांगेल. पूर्वी ठरावीक तास भरले की दोन्ही सारखीच खोलून पाहावयाची. आता जनरल इलेक्ट्रिक व रोल्स रॉइस यांसारख्या कंपन्या प्रत्येक इंजिनाचे निराळे जुळे ठेवतात आणि ज्याची झीज अधिक, त्याची दुरुस्ती आधी करतात.

दुसरे हंगेरीतील डेब्रेत्सेन या गावचे. तेथे बी.एम.डब्ल्यू. या मोटार कंपनीने नवा कारखाना उभारला. प्रत्यक्ष मोटारी तेथून निघू लागल्या त्या २०२५ साली. परंतु संगणकातील कारखाना कंपनीने २०२३ च्या मार्च महिन्यातच चालू केला होता. कोणते यंत्र कोठे बसवावे, यंत्राचा हात शेजारच्या खांबास अडेल काय, हे सर्व त्या जुळ्यात आधी पाहून घेतले. भिंत बांधून झाल्यावर ती पाडण्याचा खर्च किती येतो, हे ज्याने एकदा तरी वखार बांधली आहे त्यास सांगावयास नको.

परंतु येथेच सावध व्हावयास हवे. बाजारात हे नाव लावून तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली नुसता नमुना : संगणकातील चित्र व गणित, प्रत्यक्ष यंत्राशी त्याचा धागा नाही, आकडे माणसाने भरावयाचे. दुसरी सावली : यंत्र हलले की ती आपोआप हलते, पण उलट दिशेने काही जात नाही. तिसरे खरे जुळे : यंत्राकडून आकडे येतात आणि हिशेब करून यंत्रास हुकूमही परत जातो. तिन्हींचे मोल वेगळे, तेव्हा दामही वेगळे असावयास हवे. बासमतीच्या भावाने कोलम घेऊ नये, इतके तरी आपणांस कळते.

नमुना हलका म्हणून निरुपयोगी, असेही नव्हे. आमच्या बेळगावातील उद्यमबाग भागात ओतीव लोखंडाचे कारखाने आहेत. साच्यात ओतलेला रस गोठताना आकसतो. जो भाग सर्वांत शेवटी गोठतो तेथे पोकळी राहते आणि तो नग ग्राहकाकडून परत येतो. रस कोठे शेवटी गोठेल हे संगणकावर आधी पाहून साच्यात फेरफार करण्याची पद्धत या धंद्यात आता रुळली आहे. हे पूर्ण जुळे नव्हे. तरी एक फसलेला साचा वाचला, तर तेवढे लोखंड आणि तेवढी वीज वाचते.

आता पुतण्याच्या मिलचे. विक्रेत्याने पडद्यावर सारी मिल फिरती करून दाखविली. रंग तर दिवाळीसारखे. आम्ही एकच प्रश्न विचारला : आमची नेमकी कोणती तूट यामुळे थांबेल? त्यास समाधानकारक उत्तर मिळाले नाही. मग काका-पुतण्याने मिळून वर्षभराचा हिशेब काढला. तूर कमीजास्त वाळल्याने होणारी तुकडी आणि वखारीतील पावसाळी नासाडी, या दोनच ठिकाणी मोठे नुकसान दिसले. म्हणून कर्ज न काढता वाळवणीच्या जागी व एका वखारीत उष्णता आणि ओल मोजणारी मापके बसविली. वर सांगितलेल्या वर्गवारीत ही फक्त सावली आहे. गेल्या पावसाळ्यात एका थप्पीचा आकडा तीन दिवस चढत राहिला. थप्पी उलगडली तेव्हा मधली चार पोती ओलसर निघाली. ती वेळीच वेगळी केल्याने बाकीचा माल बचावला. बारा वर्षांपूर्वीचा तो हरभरा आम्हांस त्या दिवशी आठवला.

दुसराही अनुभव सांगणे न्यायाचे होईल. महिन्याभराने एक मापक पोत्यातून निसटून भिंतीकडेला पडले आणि भिंतीचीच उष्णता कळवीत राहिले. पडद्यावर सर्व ठीक. आमच्या जुन्या हमालाने थप्पीत हात घालून सांगितले, “मालक, हितं ऊब हाय.” पडदा खोटा ठरला, हात खरा. तराजूस ठरावीक मुदतीने शिक्का करून घ्यावा लागतो, तद्वत या मापकांचीही तपासणी नेमाने करावयास हवी. ज्या कारखान्यात ती होत नाही, तेथील जुळे म्हणजे सुंदर अक्षरात लिहिलेली खोटी वही होय.

यावरून आम्ही काही गोष्टी गाठीस बांधल्या आहेत. आरंभ एका यंत्रापासून आणि एका तुटीपासून करावा. आपल्या मिलचे आकडे कोणाच्या मालकीचे राहतील व विक्रेता बदलल्यास ते आपल्या हाती कसे येतील, हे करारात लिहून घ्यावे. आपली वही दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवून धंदा करता येत नाही. आणि अनुभवी कारागीर व हमाल यांस या कामात प्रथमपासून सामील करून घ्यावे. मापक कोठे खुपसावे, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते.

कर्जाच्या कागदावर आम्ही अद्याप सही केलेली नाही. मात्र पुतण्याच्या आग्रहास आता आम्ही वेड म्हणत नाही. वाळवणीच्या आकड्यांचे वर्ष पुरे होऊ द्यावे, तुकडी खरोखर किती घटली ते वहीत पाहावे आणि मग पुढचे यंत्र घ्यावे, असे आम्हां दोघांत ठरले आहे. सभासदांपैकी कोणी याहून पुढे गेले असल्यास त्यांनी आपला नफा-तोटा पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अवश्य मांडावा. तो वाचण्यास आम्ही उत्सुक आहोत.