वाळलेला सजीव खडक व खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय

जळगांव किंवा धुळें येथें खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय ठेवणें म्हणजे समुद्राचा एक लहानसा तुकडा दिवाणखान्यांत आणून तो जिवंत राखणें होय. मुंबईस १९५१ सालीं उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला समुद्र हाकेच्या अंतरावर होता. जळगांवाहून मात्र मुंबईच लोहमार्गानें सुमारें ४२० किलोमीटर दूर आहे. पाणी, मीठ, दगड, सर्व कांहीं येथें हातानें सिद्ध करावें लागतें. यांत दगडाचा प्रश्न सर्वांत नाजूक. बंद पडलेल्या एखाद्या मत्स्यालयांतील खडक वर्षानुवर्षें माळ्यावर वाळत पडलेला असतो. नवी कांचपेटी मांडतांना तो पुन्हां उपयोगांत आणतां येईल काय, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. येईल, असेंच त्याचें उत्तर आहे. परंतु तो आतां सजीव राहिलेला नाहीं, हें ओळखूनच कामास लागलें पाहिजे.

‘सजीव खडक’ हें नांव थोडें फसवें आहे. खडक स्वतः जिवंत नसतो. प्रवाळाचे सूक्ष्म जीव समुद्रजलांतील चुना घेऊन आपली घरें बांधतात. ते मेल्यावर जो चुनखडीचा सांगाडा उरतो, तोच हा खडक. त्याच्या असंख्य छिद्रांतून जंतु, शेवाळ व बारीक किडे यांची वसाहत नांदत असते. सजीव आहे ती ही वसाहत. १९६० च्या सुमारास जकार्ता येथील ली चिन एंग यांनीं अशा खडकांच्या साहाय्यानें मत्स्यालयें चालवून दाखविलीं व पुढें ही पद्धति अनेक देशांत पसरली.

या वसाहतीचें कार्य रावेर-यावलकडील केळीच्या बागाइतदारास चटकन उमजेल. मळ्यांत अमोनियायुक्त खत घातलें म्हणजे जमिनींतील जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. हें काम जंतूंचें आहे, हें रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनीं १८९० च्या सुमारास सिद्ध केलें. मत्स्यालयांतही माशांच्या मळापासून अमोनिया उत्पन्न होतो. तो माशांना विषारी असतो, आणि समुद्राचें पाणी अल्कधर्मी असल्यामुळें त्यांत तो अधिकच घातक ठरतो. खडकावरील जंतु त्याचें नायट्रेट करतात. खोल छिद्रांत, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं, तेथें दुसरे जंतु नायट्रेटपासून नायट्रोजन वायु बनवून तो मोकळा करतात. गिरणेच्या किंवा पांझरेच्या पात्रांतील घट्ट काळा पाषाण दिसावयास सुंदर असला, तरी त्याच्या पोटांत ही वस्ती मावत नाहीं.

खडक वाळला म्हणजे ही वसाहत मरते. उरतें तें रिकामें घर, आणि घरांत पडलेलीं प्रेतें. पाण्यांत बुडवितांच हे अवशेष कुजूं लागतात व अमोनिया सुटतो. शिवाय पूर्वींच्या टांकींतील अन्नांतून आलेलें फॉस्फेट चुनखडीला चिकटून बसलेलें असतें. तें हळूहळू सुटून शेवाळाचें रान माजवितें. ‘दगडच तो, धुतला कीं झालें’ असें समजून जो पहिल्याच आठवड्यांत मासे सोडतो, त्याच्यावर बहुधा मेलेले मासे उपसण्याची पाळी येते.

मग नवाच खडक कां आणूं नये? वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं खडकबांधणी करणाऱ्या प्रवाळांचा समावेश झाला. जी अनुसूची वाघाची, तीच त्यांचीही झाली. आपल्या मालवणास, जेथें १९८७ सालीं सागरी अभयारण्य घोषित झालें, तेथील समुद्रांतही प्रवाळें आहेत. तीं काढणें अथवा त्यांचा व्यापार करणें हा गुन्हा आहे. म्हणून माळ्यावरील दगड खरोखरीच प्रवाळाचा असेल, तर प्रथम वनखात्याकडे विचारणा करावी व मगच पुढें जावें. तो भाजलेल्या मातीचा किंवा सिमेंटचा केलेला असेल, तर ही अडचण येत नाहीं. पुढील कृति मात्र त्यालाही करावी.

प्रथम दगडाचा पूर्वेतिहास विचारावा. जुन्या टांकींत माशांच्या रोगावर ताम्रयुक्त औषध घातलें असेल, तर झिंगे, शंखशिंपले इत्यादि जीवांच्या पेटींत तो दगड घालूं नये. चुनखडींत मुरलेलें तांबें पुढें दीर्घकाळ झिरपत राहतें व या जीवांना मारतें. नंतर हातमोजे व चष्मा घालून, दगड ओला करून, तो ब्रशानें घासावा. तो कधींही उकळूं नये. प्रवाळाच्या जातभाईंपैकीं कांहीं मऊ जीवांत पॅलिटॉक्सिन नांवाचें जहाल विष असतें, व तें वाळल्यानें नाहींसें होतें असें नाहीं. अशा सफाईंत निघालेल्या वाफेनें माणसें आजारी पडल्याच्या नोंदी परदेशांत आहेत. घासलेला दगड एक भाग ब्लीच व दहा भाग पाणी अशा द्रावणांत, मोकळ्या हवेंत, दिवसभर ठेवावा. त्यांत आम्ल मुळींच मिसळूं नये. विषारी क्लोरिन वायु सुटतो. मग दोनतीनदां पाणी बदलून, छायाचित्रकार वापरीत तें ‘हायपो’ घालून उरलेला क्लोरिन मारावा आणि दगड खडखडीत वाळवावा. या कामीं खानदेशचा वैशाख फार उपयोगी पडतो.

यानंतरची पायरी मुरविण्याची. प्लास्टिकच्या पिंपांत शुद्ध केलेलें ‘आर. ओ.’चें पाणी घ्यावें. नळाच्या पाण्यांत क्लोरिन व शेताजवळच्या विहिरींत पुष्कळदां नायट्रेट असतें. स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं. मत्स्यालयासाठीं मिळणारें समुद्री मीठ लिटरास सुमारें ३५ ग्रॅम या मानानें विरघळवावें. दगड बुडवून पाणी पंपानें सतत हलतें ठेवावें व पिंप झांकावें, म्हणजे शेवाळ धरणार नाहीं. विरजणाखेरीज दहीं लागत नाहीं. तद्वत् निरोगी मत्स्यालयांतील मूठभर वाळू किंवा बाटलींत मिळणारे जंतु त्यांत घालावे, आणि त्यांचें अन्न म्हणून लिटरास सुमारें २ मिलिग्रॅम अमोनिया होईल इतका अमोनियम क्लोराइड द्यावा. अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट चढून उतरतें. दिलेला अमोनिया चोवीस तासांत नाहींसा होऊन नायट्राइटही शून्यावर आलें, कीं वसाहत नांदूं लागली असें समजावें. यास बहुधा चार ते आठ आठवडे लागतात. फॉस्फेट अधिक दिसल्यास पाणी बदलून आणखी थांबावें.

हें मुरविणें मात्र वैशाखांत नको. जळगांवास मे महिन्यांत पारा ४२ अंशांपलीकडे सहज जातो, व ऊन पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. दिवाळीनंतर आरंभ करून पाणी २५ अंशांच्या आसपास राखावें. खानदेशच्या कोरड्या हवेंत पाणी लवकर उडतें, मीठ उडत नाहीं. म्हणून तूट भरतांना गोडें पाणीच घालावें.

इतकें झाल्यावर एकच लहान मासा सोडावा, आणि पाणी कांहीं दिवस तपासून मग दुसरा. जुन्या खडकानें समुद्रांतील प्रवाळ वांचतें व पैसाही वांचतो. वेळ तेवढा वांचत नाहीं. जो दोन महिने रिकामी पेटी पाहण्यास तयार आहे, त्यानेंच हा छंद हातीं घ्यावा.